भाड्याच्या घरातील स्टिरिओ : स्पीकरची जोडणी आणि तारांची निवड

महबूला हा कुवेतच्या अहमदी प्रांतातील, समुद्रालगतचा आणि उंच इमारतींनी दाटलेला भाग. नोकरीनिमित्त तेथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे बहुधा भाड्याच्या सदनिकांत राहतात. भिंत फोडून तारा पुरण्याची मुभा तेथे नसते आणि शेजाऱ्याची भिंत हाताच्या अंतरावर असते. अशा घरात स्टिरिओ बसवताना घाई झाली, तर आवाज तर बिघडतोच, शिवाय अ‍ॅम्प्लिफायर जळण्याचा आणि विजेच्या धक्क्याचाही धोका संभवतो.

विद्युतपुरवठा

कुवेतमधील घरगुती वीज २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ अशी असते. भारतातील २३० व्होल्टची उपकरणे तेथे सहसा विनातक्रार चालतात. अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे अ‍ॅम्प्लिफायर मात्र थेट जोडल्यास तत्काळ निकामी होऊ शकते. त्यामुळे मागील पट्टीवरील व्होल्टचा आकडा आधी वाचावा. कुवेतमध्ये ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे आणि अंगभूत फ्यूज असलेले प्लग वापरतात. सॉकेटच्या वरच्या छिद्रात पेन्सिल खुपसून भारतीय दोन पिनांचा प्लग बसवण्याची सवय घातक आहे. त्यात अर्थिंग मिळत नाही आणि प्लगमधील फ्यूजचे संरक्षणही जाते. स्पीकरमधून घुंघुं आवाज येतो म्हणून अर्थची पिन काढून टाकणे हाही उपाय नव्हे.

धन आणि ऋण

जोडणीपूर्वी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून प्लग काढावा. लाल टोक लाल टोकाला, काळे काळ्याला, हा नियम दोन्ही स्पीकरांसाठी सारखाच पाळावा. तारेच्या एका बाजूस बहुधा रेघ, उंचवटा किंवा छापील अक्षरे असतात; तीच बाजू दोन्हीकडे लाल टोकासाठी ठरवावी. एकाच स्पीकरची टोके उलटी लागली, तर एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो. परिणामी तबल्याचा बायाँ पोकळ वाटतो आणि गायकाचा आवाज नेमक्या जागी ठरत नाही. तारेची एकही सुटी कडी शेजारच्या टोकाला टेकता कामा नये. डाव्या व उजव्या बाजूंची काळी टोकेही एकत्र जोडू नयेत. अनेक आधुनिक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती विद्युतदृष्ट्या समान नसतात.

संरोधाचे गणित

स्पीकरवरील ४, ६ किंवा ८ ओहम हा आकडा त्याचा नाममात्र संरोध, म्हणजे इम्पिडन्स, दर्शवतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे किमान किती ओहम चालतील, हे लिहिलेले असते. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास एकूण संरोध ४ ओहम होतो आणि प्रवाह दुप्पट ओढला जातो. एकापुढे एक जोडल्यास तो १६ ओहम होतो आणि एकूण शक्ती साधारण निम्म्यावर येते. दिवाणखान्यासोबत शयनगृहातही जोडी लावणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. ४ ओहमच्या दोन स्पीकरांची समांतर जोडणी २ ओहमवर उतरते, आणि बहुतेक घरगुती अ‍ॅम्प्लिफायर तो भार सोसत नाहीत.

तारेची जाडी

तारेचा रोध स्पीकरच्या संरोधाच्या ५ टक्क्यांहून कमी असावा, हा सर्वमान्य ठोकताळा. तार जाऊन परत येते, म्हणून ५ मीटर अंतरासाठी १० मीटर तांबे मोजावे लागते. त्याचा रोध ०.७५ चौरस मिलिमीटर तारेत सुमारे ०.२३ ओहम, १.५ मध्ये ०.११ आणि २.५ मध्ये ०.०७ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरला यांपैकी कोणतीही तार पुरते. ४ ओहमला मात्र १.५ ची घ्यावी, आणि अंतर १० मीटर असल्यास २.५ ची. यापलीकडे महागड्या तारेने कानाला जाणवणारा लाभ होत नाही.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही मिळते. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. एक कडी पात्याने खरवडावी : आत पांढरे दिसल्यास अ‍ॅल्युमिनियम समजावे, वर पांढरी पण आत तांबडी असल्यास ती कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याचीच तार होय.

समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे तांबे काळवंडते, हे कोकणातील घरांना नवे नाही. महबूल्यातही वर्षातून एकदा टोके कापून नव्याने सोलावीत किंवा घट्ट बसणारे बनाना प्लग वापरावेत. धुळीच्या वादळांनंतर अ‍ॅम्प्लिफायरच्या झडपांवरील धूळ काढावी आणि त्याच्या वर व बाजूंना हवा खेळती ठेवावी.

मांडणी आणि तपासणी

दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. उच्च स्वरांचा छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा. चपटी तार भिंतीच्या कडेने, सहज निघणाऱ्या क्लिपांनी न्यावी. दारात किंवा गालिच्याखाली ती चेंगरते. स्पीकरखाली रबरी पट्ट्या ठेवल्यास जमिनीतून खालच्या मजल्यावर जाणारी थरथर काही अंशी घटते. स्पीकर भिंतीला चिकटवल्यास खर्ज फुगतो, म्हणून थोडे अंतर राखावे.

जोडणी बरोबर आहे की नाही, हे जुन्या मोनो ध्वनिमुद्रणावरून सहज कळते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'सारखे त्या काळातील मूळ ध्वनिमुद्रण लावून मध्यभागी बसावे. सुधीर फडके यांचा स्वर दोन्ही स्पीकरांच्या नेमक्या मधोमध उमटला, तर टोके जुळली आहेत. तो विरळ होऊन दोन्हीकडे पांगला, तर वीज बंद करून एकाच स्पीकरची टोके अदलाबदल करावीत आणि पुन्हा ऐकावे.