युवक फुटबॉल, महाराष्ट्रातील

शाळकरी व कुमारवयीन खेळाडूंच्या संघांत वयोगटांनुसार खेळला जाणारा स्पर्धात्मक फुटबॉल. सर्वसाधारणपणे सहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींचा यात समावेश होतो. शाळा, तालीम मंडळे, कार्यालयीन संघ, शासकीय प्रबोधिनी आणि खाजगी अकादमी अशा निरनिराळ्या संस्थांनी या खेळाडूंना वेळोवेळी आश्रय दिला. आपल्या मुलाला कोणत्या संघात घालावे, तेथे त्याची प्रगती होईल काय आणि खेळाच्या बळावर त्याचा चरितार्थ चालेल काय, हे प्रश्न पालकांपुढे प्रत्येक कालखंडात उभे राहिले. त्यांची उत्तरे मात्र आश्रयदात्या संस्थेच्या स्वरूपानुसार बदलत गेली. महाराष्ट्रातील युवक फुटबॉलचा इतिहास हा बव्हंशी या बदलांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात फुटबॉलचा प्रसार ब्रिटिश लष्करी पलटणींमुळे झाला. मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेत प्रारंभी गोऱ्या पलटणींच्या संघांचेच वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ही स्पर्धा जिंकली आणि भारतीय संघाच्या नावावर तिचे पहिले विजेतेपद लागले. २०००–०१ नंतर ही स्पर्धा बंद पडली. प्रांतातील खेळाचे नियमन करणारी ‘वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन’ १९११ मध्ये स्थापन झाली. विदर्भात लष्करी छावणी असलेल्या कामठी येथे फुटबॉलची परंपरा चांगली रुजली. तेथील रब्बानी क्लब हा नागपूरच्या स्थानिक स्पर्धांतील एक नामांकित संघ होय. या काळात मुलांच्या फुटबॉलचे केंद्र म्हणजे शाळा. संघनिवड क्रीडाशिक्षक करीत आणि पालकांचा तीत फारसा सहभाग नसे. मूल ज्या शाळेत शिके, तोच त्याचा संघ ठरे.

तालीम मंडळे : कोल्हापुरात या खेळाने वेगळे रूप धारण केले. कुस्तीच्या आखाड्यांभोवती वाढलेल्या पेठांतील तालीम मंडळांनी फुटबॉलचे संघ उभारले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार व बालगोपाल ही तालीम मंडळे, तसेच शिवाजी तरुण मंडळ व प्रॅक्टिस क्लब हे संघ ‘कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन’च्या (स्थापना १९४०) स्पर्धांत एकमेकांचे परंपरागत प्रतिस्पर्धी बनले. येथे संघनिवडीचा प्रश्न उद्‌भवत नसे. मुलगा ज्या पेठेत वाढे, त्या पेठेच्या संघासाठी खेळणे हे ओघानेच येई. छत्रपती शाहू स्टेडियमवरील सामन्यांना लोटणारी गर्दी ही या निष्ठेची खूण होय. शुल्काचा अडसर नसणे आणि वडीलधाऱ्या खेळाडूंकडून धाकट्यांनी खेळ शिकणे, हे या व्यवस्थेचे दोन मोठे गुण. तथापि शहराबाहेरच्या स्पर्धांत उतरण्याची संधी तीत मर्यादित होती. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, परंतु त्याच्या जडणघडणीत पुण्यातील व पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या निवासी प्रशिक्षणाचा वाटा मोठा होता. पेठेत जडलेली गोडी आणि बाहेरचे पद्धतशीर शिक्षण या दोन्हींची गरज या उदाहरणावरून दिसून येते.

नोकरी देणारे संघ : मुंबईत स्वातंत्र्यपूर्व काळापासून टाटा स्पोर्ट्‌स क्लबसारखे उद्योगसमूहांचे संघ पुढे आले. पुढे रेल्वे, मफतलाल व ऑर्के या गिरण्या, बँका, एअर इंडिया, महिंद्र अँड महिंद्र, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स इत्यादींनीही संघ ठेवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईच्याच कार्यालयीन फुटबॉलमधला. महाराष्ट्राला १९६३-६४ मध्ये संतोष चषक मिळाला, त्या काळातही या संघांचे मुंबईच्या फुटबॉलमध्ये वजन होते. या व्यवस्थेत खेळाडूचे भवितव्य म्हणजे कायम स्वरूपाची नोकरी. खेळाडू सकाळी सराव करी, दुपारी कार्यालयात जाई आणि वय झाल्यावर त्याच संस्थेच्या सेवेत राही. मुलाच्या खेळाकडे साशंकतेने पाहणाऱ्या मध्यमवर्गीय व कामगार पालकांना ही हमी पुरेशी वाटे. संघाची तुलना करताना त्याने किती चषक जिंकले, यापेक्षा तो किती मुलांना नोकरीत घेतो, हे पाहिले जाई.

ही हमी कायम टिकली नाही. गिरण्या मंदावल्या, नोकरभरती आटली आणि संघ एकेक करून मिटले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २०१० मध्ये हा संघ बंद करण्यात आला. क्लब-परवान्याचे निकष पूर्ण न केल्याने एअर इंडिया व तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ या संघांना २०१३ मध्ये आय-लीगमधून वगळण्यात आले. कार्यालयीन संघांना देशाच्या अव्वल स्पर्धेत यानंतर स्थान उरले नाही.

शालेय स्पर्धा व शासकीय योजना : खेडोपाडीच्या मुलांसाठी मात्र शाळा हेच आजवर फुटबॉलचे मुख्य प्रवेशद्वार राहिले आहे. भारतीय शालेय खेळ महासंघाची स्थापना १९५४ मध्ये झाली. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या प्रेरणेने १९६० मध्ये सुरू झालेली सुब्रतो चषक स्पर्धा ही आंतरशालेय फुटबॉलमधील देशातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा समजली जाते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य व राष्ट्र अशा पायऱ्यांनी शालेय स्पर्धा होतात. वरच्या पायऱ्या गाठणाऱ्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत क्रीडागुणांची सवलत मिळते आणि पात्र खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या सेवेत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पालकांच्या दृष्टीने जुन्या कार्यालयीन नोकरीच्या हमीची जागा काही प्रमाणात या तरतुदींनी घेतली.

या पायऱ्यांचा अर्थ भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेरा यासारख्या गावाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. हे गाव मध्य प्रदेशाच्या सीमेलगत आहे. पलीकडचा बालाघाट जिल्हा हाकेच्या अंतरावर असला, तरी शालेय स्पर्धेतील संघ शाळेच्या जिल्ह्यावरून ठरतो. त्यामुळे येथील मुलाची वाट तुमसरहून भंडाऱ्याकडे आणि तेथून नागपूर विभागाकडे जाते. एका पायरीवरील एका पराभवाने त्या मोसमातील सामने संपतात. मोठ्या शहरातील मूल साखळी स्पर्धांमुळे दर आठवड्याला खेळू शकते, तर सीमेवरील गावातील तेवढेच गुणी मूल वर्षभरात मोजकेच सामने खेळते. दोघांच्या प्रगतीतील अंतराचे एक मोठे कारण सामन्यांच्या या संख्येत आहे. ते मुलांच्या अंगच्या गुणांत शोधणे चुकीचे ठरते.

ही उणीव भरून काढण्याचे काही प्रयत्न झाले. राज्य शासनाने १९९० नंतरच्या दशकात क्रीडाप्रबोधिनीची योजना राबविली. तीत शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांवरून मुले निवडून त्यांच्या निवासाची, शिक्षणाची व प्रशिक्षणाची सोय केली जाते. नागपूर येथे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे कार्य सुरू केले आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ ही चळवळ वाढली. खेळाडू घडविण्याइतकेच मुलांचे आयुष्य सावरणे हे तिचे उद्दिष्ट होते. सप्टेंबर २०१७ मध्ये विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यातील शाळाशाळांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळविण्याचा मोठा उपक्रम झाला. एका दिवसाचा उत्साह वर्षभराच्या सामन्यांत रूपांतरित करणे हे काम त्याहून अवघड असते.

व्यावसायिक क्लब व अकादमी : राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये, आय-लीग २००७ मध्ये आणि इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. परवान्याच्या नियमांनुसार क्लबांना वयोगटांचे संघ ठेवणे भाग पडले आणि महासंघाने कुमार व युवक गटांच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धा चालविल्या. परगावी जाऊन सामने खेळणारे मुलांचे संघ ही यामुळे नेहमीची बाब झाली. पुण्याचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे एफसीने उत्तम अकादमी उभारली. २०१५ मध्ये या क्लबचा व्यावसायिक संघ बंद झाला. त्याच वर्षी भारत एफसी हा संघ एका मोसमानंतर नाहीसा झाला. लिव्हरपूल या इंग्लिश क्लबशी सहकार्य करून अकादमी चालविणारा डीएसके शिवाजियन्स संघही २०१७ नंतर आय-लीगमध्ये राहिला नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला. अशा रीतीने पाच वर्षांच्या आत एकाच शहरातील चार व्यावसायिक संघ मिटले. बाराव्या वर्षी अकादमीत दाखल झालेले मूल सतरा वर्षांचे होण्याआधीच त्याचा वरिष्ठ संघ उरला नाही, असे यात घडू शकले. मुंबईत याउलट २०१४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटी एफसीने २०२०-२१ व २०२३-२४ मध्ये लीगचे अजिंक्यपद मिळविले.

शुल्काचा प्रश्न : यूरोपातील मोठ्या क्लबांच्या अकादमींत निवडलेल्या मुलांकडून सामान्यतः शुल्क घेतले जात नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २००१ पासूनच्या नियमांनुसार खेळाडूचे क्लबांतर झाल्यास हस्तांतर-शुल्कातील पाच टक्के रक्कम त्याला बारा ते तेवीस या वयात घडविणाऱ्या क्लबांत वाटली जाते. म्हणजे मूल घडविणे ही तेथे क्लबाची गुंतवणूक असते. भारतात हस्तांतराचे व्यवहार अल्प असल्याने बहुतेक खाजगी अकादमींचा खर्च पालकांच्या शुल्कातूनच भागतो. अमेरिकेतही युवक फुटबॉल मुख्यतः याच पद्धतीने चालतो. २०१५ मध्ये नवी मुंबईत सुरू झालेल्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्ससारख्या शिष्यवृत्तीवर चालणाऱ्या निवासी संस्था यास अपवाद होत. शुल्क देणारा पालक हाच संस्थेचा आधार झाला, की त्याला संतुष्ट ठेवण्यासाठी झटपट विजय दाखविण्याकडे प्रशिक्षकाचा कल झुकण्याचा धोका असतो.

तुलनेचे निकष : लहान वयोगटातील विजयांवरून संघाची पारख करणे फसवे ठरते. वयोगटाची सीमा १ जानेवारी धरली जात असल्याने जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठे असूनही दोघे एकाच गटात खेळतात. बाराव्या-तेराव्या वर्षी उंची व बळ यांतील हा फरक सामन्याचा निकाल ठरवितो आणि उशिरा वाढणारी गुणी मुले बाकावर राहतात. वय लपविण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी महासंघाने मनगटाच्या हाडांच्या वाढीवरून वय ठरविणारी चाचणी अवलंबिली. तथापि प्रामाणिक वयाच्या मुलांतील वाढीचा फरक तिने नाहीसा होत नाही. म्हणून प्रत्येक मुलाला मोसमात किती मिनिटे खेळावयास मिळते, प्रशिक्षकाकडे मान्यताप्राप्त परवाना आहे काय, लहानांचे सामने लहान मैदानावर कमी खेळाडूंनिशी होतात काय, शाळा व अभ्यास यांची सांगड कशी घातली जाते आणि दुखापत झालेल्या मुलाचे पुढे काय होते, हे प्रश्न चषकांच्या यादीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरतात. मैदानापर्यंतच्या रोजच्या प्रवासात मुलाची झोप व अभ्यास किती खर्ची पडतात, हाही विचार त्यांत येतो.

भवितव्य : खेळावर चरितार्थ चालविण्याच्या जागा थोड्या आहेत. २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये तेरा संघ होते. प्रत्येकी सु. तीस खेळाडू धरले, तरी परदेशी खेळाडूंसह एकूण संख्या चारशेपर्यंत पोहोचत नाही आणि त्यांसाठी साऱ्या देशातील युवक स्पर्धा करतात. मुंबईचा राहुल भेके एअर इंडियाकडून खेळून पुढे बंगळूरूकडून २०१८-१९ च्या लीगच्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल करणारा ठरला. परंतु ज्या कार्यालयीन संघामुळे त्याला वाट मिळाली, ती वाट आज उपलब्ध नाही. मुलींच्या बाबतीत २०१६-१७ पासूनची इंडियन विमेन्स लीग आणि नवी मुंबईसह तीन शहरांत झालेली २०२२ ची सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा यांमुळे नवे क्षितिज दिसू लागले असले, तरी व्यावसायिक जागा त्याहून कमी आहेत. प्रशिक्षक, पंच, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक व क्रीडा-वैद्यकाचे साहाय्यक या नात्याने खेळाशी संबंध ठेवण्याच्या वाटा मात्र रुंदावल्या आहेत. त्यांपैकी बहुतेकींना शालेय व महाविद्यालयीन शिक्षणाचा पाया लागतो.

एकंदरीत पाहता, शतकाहून अधिक काळात मुलाला खेळविणारी संस्था शाळेकडून पेठेकडे, पेठेकडून कार्यालयाकडे आणि तेथून क्लब व अकादमी यांकडे सरकत गेली. यांपैकी शाळा व पेठ या संस्था टिकून राहिल्या. मोठी आश्वासने देणाऱ्या संस्था पुष्कळदा खेळाडूच्या उमेदीच्या काळाआधीच लोपल्या. त्यामुळे ज्या संघात मूल अधिक वर्षे, अधिक सामने व शिक्षण न सोडता खेळू शकते, तो संघ नामवंत नसला तरी अधिक हितावह ठरतो, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो. बपेरा, तुमसर, कामठी किंवा कोल्हापूर येथील मुलामुलींना वर्षभर नियमित सामने उपलब्ध करून देणाऱ्या स्थानिक साखळी स्पर्धा वाढल्या, तर पालकांपुढील निवडीचे ओझेही बऱ्याच अंशी हलके होईल.