साहेबाचे ओटे आणि पिवळी रेघ

विजयदुर्ग किल्ल्यावर काही ओटे आहेत. गावात त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. किल्ला दाखवणारा माणूस तिथे हमखास थांबतो आणि सांगतो, की १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने इथेच दुर्बिणी रोवल्या आणि सूर्यावरच्या हेलियमचा शोध लावला. गेली काही वर्षे १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. वर्तमानपत्रांतल्या लेखांतून ही हकिकत इतक्यांदा छापून आली आहे, की ती तपासून पाहावी असे कोणाला वाटतही नाही.

या कथेतला प्रत्येक तुकडा खरा आहे. साहेब खरा, ग्रहण खरे, हेलियम खरा. चुकली आहे ती जोडणी, आणि ती तीस वर्षांनी चुकली आहे.

खरे म्हणजे कोकणातल्या माणसाला पहिली शंका तारखेवरून यायला हवी. १८ ऑगस्ट १८६८ ही श्रावणातली अमावास्या होती. ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावरून गेला, हे बरोबर; पण ऐन पावसाळ्यात, आभाळ समुद्राला टेकलेले असताना, सूर्य पाहण्यासाठी सातासमुद्रापलीकडून कोणी कोकणात येईल का? आलेल्या मंडळींनी शहाणपणाने घाट ओलांडले. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला बसले, तरी ढगांनी त्यांना छळलेच. मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले ज्यूल जान्सन गुंटूरला होते. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला. लॉकियर यांपैकी कुठेच नव्हते. लंडनमध्ये युद्धखात्याच्या कचेरीत ते कारकुनी करत होते.

या ग्रहणाचे महत्त्व कशात होते, ते थोडक्यात सांगायला हवे. प्रकाश लोलकातून नेला की त्याचा वर्णपट पडतो. तापलेल्या विरळ वायूचा वर्णपट सलग नसतो. त्यात सुट्या झळाळत्या रेघा असतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांच्या जागा ठरलेल्या असतात. कीर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९ मध्ये हे सिद्ध केल्यापासून आकाशातल्या पदार्थाला हात न लावता त्याची जात ओळखता येऊ लागली. ग्रहणात सूर्याच्या कडेला तांबड्या ज्वाला दिसतात, हे ठाऊक होते. त्या कशाच्या बनल्या आहेत, हा प्रश्न १८६८ पर्यंत उघडा होता. पाच मिनिटांहून अधिक काळ टिकणाऱ्या त्या ग्रहणात अनेकांनी पहिल्यांदाच ज्वालांवर वर्णपटदर्शक रोखला, आणि रेघा दिसल्या. म्हणजे ज्वाला वायूच्या. तांबडी आणि निळी रेघ हायड्रोजनची. शिवाय एक पिवळसर रेघ होती. हर्शेल आणि टेनंट यांनी ती सोडियमची समजून घेतली, कारण सोडियमची प्रसिद्ध ‘डी’ जोडी तिथेच जवळ असते. पळापळाचा हिशेब असताना कोण मोजत बसणार?

जान्सन यांना मात्र वेगळेच काही सुचले. रेघा इतक्या तेजस्वी आहेत, की त्यांना ग्रहणाची गरजच नसावी. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी भर उजेडात सूर्याच्या कडेवर वर्णपटदर्शक लावला आणि ज्वालांच्या रेघा पुन्हा दिसल्या. इकडे लंडनमध्ये लॉकियर यांच्या डोक्यात हीच कल्पना दोन वर्षे घोळत होती, पण कारागिराकडून उपकरण मिळत नव्हते. ते १६ ऑक्टोबरला हाती आले आणि २० ऑक्टोबरला, घरच्या सव्वासहा इंची दुर्बिणीला ते जोडून, त्यांना ज्वाला दिसल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरला एकाच दिवशी वाचली गेली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे मुखवटे असलेले पदक पाडले.

आता ग्रहणाची घाई उरली नव्हती. रोज ऊन पडले की मोजमाप करता येत होते (लंडनच्या उन्हाचा भरवसा कोकणातल्या श्रावणापेक्षा फार अधिक नसावा, पण असो). पुढच्या काही आठवड्यांत लॉकियर यांच्या ध्यानात आले, की पिवळी रेघ सोडियमच्या जोडीवर बसत नाही. आजच्या मापात सोडियमच्या रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत, ही ५८७.६ वर. तिला ‘डी-तीन’ म्हणू लागले. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत लॉकियर यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजन निरनिराळ्या दाबांखाली तपासून पाहिला. ती रेघ काही उमटली नाही. नव्या मूलद्रव्याची कल्पना फ्रँकलंड यांना मानवत नव्हती. ‘हेलियम’ हे नाव १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या एडिंबरोच्या भाषणात जाहीरपणे आले. पुष्कळ रसायनज्ञ त्यानंतरही दोन तपे संशयानेच पाहत राहिले. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून वायू काढला, त्याच्या वर्णपटात तीच पिवळी रेघ निघाली आणि वाद मिटला.

तर मग विजयदुर्गचा साहेब कोण? लॉकियरच. ते हिंदुस्थानात ग्रहणासाठी पहिल्यांदा आले डिसेंबर १८७१ मध्ये, आणि उतरले बेकलच्या किल्ल्यावर, आजच्या केरळात. तोही समुद्रकाठचा किल्ला. नंतर २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी ते विजयदुर्गला आले. ही पौषातली अमावास्या. आभाळ कोरडे, निरभ्र. लॉकियर साठी ओलांडलेले. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी मदतीला होते. त्यांना कामे वाटून दिली होती. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या निरीक्षणांचा सविस्तर वृत्तान्त छापलेला आहे, गावाचे नाव ‘विझियाद्रुग’ असे लिहून. सूर्यबिंब झाकले जाण्याच्या आणि उघडण्याच्या क्षणी कडेचा पातळ थर लखलखतो. त्याच्या शेकडो रेघा लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी टिपणे हा मुख्य उद्देश होता. त्या रेघांत हेलियमच्याही होत्या. पण तोपर्यंत हेलियम प्रयोगशाळेतल्या नळीत भरलेला होता. विजयदुर्गला तो भेटला तो जुनी ओळख असलेल्या माणसासारखा.

गावकऱ्यांनी साहेब पाहिला होता, खलाशी पाहिले होते, दिवसा पडलेला काळोख पाहिला होता. त्यांची आठवण चुकीची नाही. पुस्तकातून ‘लॉकियर, १८६८, ग्रहण’ हे शब्द कोणीतरी त्या आठवणीला चिकटवले. मला खटकते ते वेगळेच. ज्या ग्रहणासाठी लॉकियर आले, त्याच ग्रहणाचे त्याच दिवशी वर्णपट घेणारा आपला एक माणूस होता, आणि त्याच्या नावाचा ओटा कुठेच नाही.

कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८). मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. १८८२ मध्ये भावनगरचे तख्तसिंहजी यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्यातून १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची परावर्ती दुर्बीण देशात कित्येक दशके सर्वांत मोठी होती.

नायगमवाला यांचे १८९१ मधले एक काम मला सर्वांत मोलाचे वाटते. मृग नक्षत्रातल्या मोठ्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेघ आहे. लॉकियर यांचा तेव्हा सिद्धान्त होता, की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, आणि ही रेघ जळत्या मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याचा उरलेला भाग आहे. तसा पट्टा एका कडेने धारदार आणि दुसरीकडे विरत गेलेला असतो. तेव्हा ही रेघ एका बाजूला पुसट दिसायला हवी. नायगमवाला यांनी पुण्याहून ती पुन्हा पुन्हा पाहिली आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात लिहिले, की रेघ सर्व परिस्थितीत बारीक आणि दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे. एका कॉलेजातला शिक्षक साम्राज्यातल्या सर्वांत वजनदार वर्णपटज्ञाला डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्याने नाही म्हणत होता. तो बरोबर होता. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले, की ती रेघ दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे.

१८९८ च्या ग्रहणासाठी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातले जेऊर निवडले. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे स्थानक, अवजड पेट्या उतरवायला सोयीचे. ते दिवस प्लेगचे होते. आदल्या जूनमध्ये पुण्यात रँडचा खून झाला होता. जेऊरच्या माळावर अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही तळ ठोकून होते. त्याच पट्ट्यात पुढे विदर्भात, पुलगावला न्यूअल आणि कॅप्टन हिल्स, तर तळणीला माँडर दांपत्य आणि जॉन एव्हरशेड. खग्रास काळ सुमारे दोन मिनिटांचा. जेऊरला वर्णपटांची छायाचित्रे मिळाली आणि नायगमवाला यांचा अहवाल १९०२ मध्ये छापून निघाला.

वेधशाळा एका माणसावर उभी होती. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि सरकारने ती बंद केली. दुर्बीण आणि बाकीची उपकरणे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत पाठवली गेली. मोठ्या दुर्बिणीला तिकडे ‘भावनगर दुर्बीण’ हे नाव पडले, पुण्याचे नाव गळाले. कोडाईकनालला त्या वेळी संचालक होते जॉन एव्हरशेड, चौदा वर्षांपूर्वी त्याच ग्रहणाच्या दिवशी विदर्भात तळणीला कॅमेरा लावून बसलेले.