क्यूचा शाफ्ट आणि पांढऱ्या चेंडूचे विचलन

पूल, स्नूकर व बिलियर्ड्‌स या खेळांत पांढऱ्या चेंडूला मध्यापासून डावी-उजवीकडे टिप लागली की चेंडू क्यूच्या रेषेत न जाता विरुद्ध बाजूला थोडा सरकून निघतो. उजवी साइड दिली तर डावीकडे, डावी दिली तर उजवीकडे. या कोनाला विचलन म्हणतात. खेळाडू त्याला डिफ्लेक्शन किंवा स्क्वर्ट म्हणतात. त्याचे प्रमाण मुख्यतः शाफ्टच्या, म्हणजे क्यूच्या पुढच्या निमुळत्या दांड्याच्या, टोकाच्या बांधणीवर ठरते.

कोन छोटा वाटतो, परिणाम छोटा नसतो. पूलच्या चेंडूचा व्यास 57.15 मिमी. मध्यापासून सुमारे 14 मिमी बाजूला, म्हणजे टिप घसरण्याच्या सीमेजवळ फटका मारला, तर नेहमीच्या मेपल शाफ्टने सुमारे अडीच अंशांचे विचलन होऊ शकते. दीड मीटर अंतरावर ते 65 मिमी भरते, म्हणजे अख्ख्या चेंडूपेक्षा जास्त. अशा वेळी नेम अचूक असूनही लक्ष्यचेंडूला स्पर्शही होत नाही, आणि नवखा खेळाडू दोष आपल्या हाताला देतो.

टिप व चेंडू यांचा स्पर्श साधारण एक सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्यात चेंडू स्वतःभोवती फिरू लागतो आणि टिपेला आपल्याबरोबर बाजूला नेतो. टोकाला बाजूचा संवेग मिळाला की तेवढाच उलट संवेग चेंडूला मिळतो. इतक्या अल्प काळात वाकण्याची लहर शाफ्टमध्ये फार मागे पोचत नाही. टोकाजवळचे साधारण 15 ते 20 सेंमीच या घटनेत भाग घेतात, आणि त्यांचे परिणामकारक वस्तुमान भरते अवघे काही ग्रॅम. अर्ध्या किलोहून जड क्यूचे बाकीचे वजन, मुठीचे लाकूड, सांध्याचा प्रकार यांचा विचलनाशी जवळजवळ संबंध नाही. अमेरिकेतील रॉन शेपर्ड यांनी 2001 मधील निबंधात हे गणित मांडले. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोरे यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याच्या चित्रणांतून ते खेळाडूंपर्यंत पोचवले. शाफ्ट लवचीक असला की विचलन घटते, ही समजूत अपुरी आहे. बारीक शाफ्ट लवचीकही असतो आणि टोकाशी हलकाही. विचलन घटवतो तो मुख्यतः हलकेपणा.

म्हणून कमी विचलनाचा शाफ्ट बनवणारे कारागीर टोकाचे वजन काढतात. व्यास 13 मिमीवरून 12 मिमीच्या आसपास आणतात, टिपेखालचे फेरूल (टोकावरची टोपी) आखूड व हलके करतात, पुढच्या भागात पोकळी कोरतात. 1990च्या दशकात प्रेडेटर या अमेरिकी कंपनीने असे शाफ्ट बाजारात रुजवले. त्यांत मेपलच्या पाचरी गोलाकार चिकटवलेल्या असतात; त्या जोडणीमुळे क्यू हातात कशीही फिरवून धरली तरी ती सारखीच वागते. कार्बन फायबरचा शाफ्ट पोकळ नळीसारखा असतो, पण केवळ कार्बनचा आहे म्हणून विचलन कमी होत नाही. तिथेही टोक हलके हवेच. चांगल्या शाफ्टने वरच्या उदाहरणातील 65 मिमी सुमारे 47 मिमीवर येतात. शून्य विचलनाचा शाफ्ट मात्र नसतो.

स्नूकरची क्यू बहुधा अ‍ॅश लाकडाची, टिप 9 ते 10 मिमी आणि फेरूल पितळी. टोक बारीक असल्याचा फायदा पितळेच्या वजनाने काही अंशी जातो; शिवाय 52.5 मिमीचा चेंडू हलका असल्याने अधिक सरकतो.

महाराष्ट्राची या खेळांतील परंपरा बिलियर्ड्‌सची. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 व 1964 मध्ये, तर मुंबईचे मायकेल फरेरा 1977, 1981 व 1983 मध्ये हौशी बिलियर्ड्‌सचे जगज्जेते झाले. या खेळात विचलन कमी नडते: जवळच्या कॅननमध्ये (एकाच फटक्यात दोन्ही चेंडूंना स्पर्श) पांढरा चेंडू थोडेच अंतर कापतो, त्यामुळे तेवढ्याच कोनाचे नुकसान नगण्य राहते. लांबून चेंडू खिशात पाडणाऱ्या स्नूकर-पूलच्या खेळाडूला ही सवलत नाही.

भिवंडीसारख्या शहरात पूल पार्लरमधल्या भाड्याच्या टेबलावर शिकणाऱ्याची खरी अडचण विचलन जास्त असण्याची नसते. रोज हाती येणारी क्यू वेगळी, प्रत्येकीचे टोक वेगळ्या वजनाचे, त्यामुळे एकीवर बसलेला अंदाज दुसरीवर चुकतो. खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात भिंतीला तिरकी टेकवलेली लाकडी क्यू वाकते, ती भर वेगळीच. कार्बनच्या शाफ्टला दमटपणाचा हा त्रास नाही.

नेम चुकण्याचे विचलन हे एकच कारण नव्हे. क्यू मागून थोडी उंच असली की साइड दिलेला चेंडू वाटेत वळतो, त्याला स्वर्व्ह म्हणतात. हे वळण साइडच्याच दिशेने असते आणि हळू फटक्यात जास्त दिसते. विचलनाचा कोन मात्र फटक्याच्या जोराने फारसा बदलत नाही. म्हणून शाफ्टची परीक्षा घ्यायची ती क्यू शक्य तितकी आडवी ठेवून, जोरकस फटक्याने: पांढरा चेंडू व लक्ष्यचेंडू सरळ रेषेत लावावेत, मध्यावर नेम धरावा, ब्रिजचा (क्यूला आधार देणारा पुढचा) हात स्थिर ठेवून फक्त मागचा हात सरकवून साइड द्यावी. ब्रिजचा हात पांढऱ्या चेंडूपासून ज्या अंतरावर असता चेंडू नेमाच्या जागीच लागतो, ती त्या शाफ्टची पिव्हट लांबी. ती जितकी जास्त, तितके विचलन कमी. महाग शाफ्ट घेण्याआधी ही परीक्षा करावी, आणि क्यू कोणतीही असो, एकच कायम ठेवावी.