बाळगोळी: गिरणगावाच्या इतिहासातील एक गाळलेली जागा

गिरणगावाचा इतिहास लिहिताना संपांना जेवढी जागा मिळाली, तेवढी बाळगोळीला मिळाली नाही. बाळगोळी म्हणजे अफूची इवलीशी गोळी. कामावर निघताना आई ती तान्ह्याला चाटवी आणि मूल तासन्‌तास निपचित पडून राही. अफूने भूक मरते, श्वास मंदावतो. शांत निजलेले वाटणारे ते मूल पुष्कळदा उपाशी असे. मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांविषयी डॉ. बार्न्स यांनी 1922 मध्ये दिलेल्या अहवालात शंभरातील 98 तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचे म्हटले आहे. आईला दोष देणे सोपे. पण 1911 च्या कायद्याने स्त्रीला दिवसाला अकरा तास राबवण्याची मुभा होती, हे विसरून कसे चालेल?

आम्ही कुडाळला मराठी शिकवतो. या मुलखातून, तत्कालीन सावंतवाडी संस्थानातून आणि लगतच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, माणसे गिरण्यांत गेली. बायका बाळंतपणाला गावी येत. जन्म गावी, मृत्यू मात्र मुंबईत. 1921 मध्ये मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे 660 हून अधिक अर्भकमृत्यू दिसतात. हा आकडा फुगण्याचे एक कारण हेच. म्हणजे आकडेशास्त्राची ही चूकही आमच्या कोकणच्या वाटेवरूनच गेलेली!

1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. 1929 मध्ये कायदा झाला. सात आठवडे, रोज आठ आणे. त्यांपैकी प्रसूतीनंतरचे आठवडे चारच. पाचव्या आठवड्यात तान्हे कोणापाशी ठेवायचे, याविषयी कायदा काही बोलत नव्हता.