नाकावरचं शिंग

बिऱ्हाड परदेशात आणि पदरात दोन लहान मुलं असली की शहराची ओळख बागांपासून होते. कुठल्या बागेतले झोके धड आहेत, कुठल्या बागेतलं स्वच्छतागृह हमखास बंद असतं, कुठल्या चढावर बाबागाडी ढकलायला आई-बाप दोघंही लागतात, हे आधी पाठ होतं. राजवाडे, संग्रहालयं वगैरेंचा नंबर पाहुणे आल्यावर. लंडनजवळ क्रॉयडनला होतो ती तीन वर्षं आमच्या वाट्याला आली क्रिस्टल पॅलेसची बाग. घरून एका बसने जाता यायचं, तिकीट नाही, आणि हिरवळ एवढी की पोरांना मोकळं सोडलं की तासभर आपणही मोकळे. आता लंडन सुटलं, पण मुलांच्या बोलण्यात अजून तीच बाग असते.

नावात पॅलेस असला तरी पॅलेस तिथे नाही. 1851 साली लंडनच्या हाइड पार्कात जगभरच्या वस्तूंचं प्रचंड प्रदर्शन भरलं. त्यासाठी जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काचेची इमारत उभारली. हा मूळचा माळी, रोपांसाठी काचघरं बांधता बांधता हात बसलेला. साडेपाच महिन्यांत साठ लाखांच्या आसपास प्रेक्षक येऊन गेले. प्रदर्शन संपल्यावर इमारत सुटी करून दक्षिणेला सिडनहॅमच्या टेकडीवर नेली, आणखी मोठी करून बांधली, आणि 10 जून 1854 ला व्हिक्टोरिया राणीने तिचं उद्घाटन केलं. 30 नोव्हेंबर 1936 च्या रात्री ती आगीत गेली. आता टेकडीवर उरलेत ते दगडी पायऱ्या, कठडे आणि काही स्फिंक्स. आमच्या धाकट्याच्या भाषेत ते 'टोपी घातलेले वाघ'.

1851 च्या प्रदर्शनात आपला कोहिनूरही मांडला होता, चक्क पिंजऱ्यात. दोनच वर्षांपूर्वी पंजाब खालसा करताना इंग्रजांनी तो दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून घेतला होता. पायऱ्यांवर बसून सँडविच खाता खाता लेकीला (तेव्हा वय वर्षं सात) हे सांगितलं. तिचा सरळ प्रश्न, "मग परत का नाही दिला?" सात वर्षांच्या मुलीला पटेल असं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. अजूनही नाही.

परदेशात मुलं वाढवताना खरी अडचण होते ती इथे. आपल्याला हा देश परका, पण मुलांचं ते गाव असतं. त्यांना इथला इतिहास सांगायचा तर दोन गोष्टी तयार असतात. एक म्हणजे इंग्रजांनी केवढी ही प्रगती केली, आणि दुसरी म्हणजे इंग्रजांनी आपल्याला कसं लुटलं. दोन्हींत तथ्य आहे, दोन्ही सांगायलाच हव्यात. पण फक्त या दोनच हातात दिल्या तर पोराने कुठल्या बाजूला उभं राहायचं? शाळेत एक बाजू आणि घरी दुसरी? मला तिसरी एखादी गोष्ट हवी होती. ती त्याच बागेत, खालच्या तळ्याकाठी मिळाली.

तळ्यातल्या बेटांवर आणि काठावर तीसेक प्राण्यांचे पुतळे आहेत. सगळ्यांना डायनासोर म्हणतात, पण खरे डायनासोर त्यात चारच. दोन इग्वानोडॉन, एक मेगॅलोसॉरस आणि एक हायलिओसॉरस. बाकीचे म्हणजे पाण्यातले सरपटणारे प्राणी, बेडकासारखे दिसणारे काही आणि लांब शिंगांचं प्रचंड सांबर. नैसर्गिक आकारातले डायनासोर जगात सर्वांत आधी उभे राहिले ते इथे, 1854 साली. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक यायला तेव्हा पाच वर्षं होती. 'डायनासोर' हा शब्दच मुळी 1842 चा. रिचर्ड ओवेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने तो काढला, आणि तेव्हा त्या गटात तीनच प्राणी होते. ते तिन्ही या तळ्यावर आहेत.

पुतळे केले बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने. 'शिल्प' म्हटलं की छिन्नी-हातोडा डोळ्यांसमोर येतो, पण हे काम खरं तर गवंड्याचं. हॉकिन्सने 1854 च्या एका व्याख्यानात एका इग्वानोडॉनचा हिशेबच दिला. चार लोखंडी खांब, 600 विटा, 900 कौलं, शिवाय गटाराची अर्धगोल कौलं 650, सिमेंटची 38 पिंपं आणि दगडाच्या चुरीची 90. आमच्या घराचं बांधकाम पाहिलेल्या माझ्या सासऱ्यांनी हा आकडा ऐकून मान डोलावली. म्हणाले, "म्हणजे डायनासोर नाही, दोन खोल्याच बांधल्या की!"

आणि त्या खोल्यांत एक पंगतही बसली. 31 डिसेंबर 1853 च्या संध्याकाळी हॉकिन्सने इग्वानोडॉनच्या साच्यात टेबल मांडून वीसेक विद्वानांना जेवायला बोलावलं. ओवेन मानाच्या जागी, म्हणजे डोक्याच्या बाजूला. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये त्या जेवणाचं चित्रही छापून आलं. आमच्या धाकट्याला ही गोष्ट इतकी आवडली की आठवडाभर तो डायनिंग टेबलाखाली बसून जेवला.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे पुतळे चुकीचे आहेत.

हे मला नाही, लेकीला पहिल्यांदा दिसलं. हल्लीच्या मुलांना टायरॅनोसॉरस वगैरे कोळून प्यायलेले असतात. मेगॅलोसॉरसकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आई, हा मांसाहारी आहे ना? मग चार पायांवर का?" बरोबर होतं तिचं. मेगॅलोसॉरस दोन पायांवर चालायचा, इथे मात्र तो पाठीला मदार असलेल्या अस्वलासारखा उभा आहे. इग्वानोडॉनची तऱ्हा आणखी निराळी. तो दिसतो थेट गेंड्यासारखा, नाकावर आखूड शिंग. ते शिंग नाहीच, त्याच्या अंगठ्याचं टोकदार हाड आहे! 1878 साली बेल्जियममधल्या बर्निसार गावच्या कोळसा खाणीत, जमिनीखाली 322 मीटरवर, इग्वानोडॉनचे तीसहून जास्त सांगाडे सापडले. पुष्कळसे जवळजवळ संपूर्ण. तेव्हा कळलं की टोकदार हाडं दोन असतात आणि त्यांची जागा पुढच्या पंजात आहे. पुतळे उभे राहून तोवर चोवीस वर्षं झाली होती.

पण गंमत पुढेच आहे. बेल्जियमच्या लुई डोलोने हे सांगाडे जोडले ते कांगारूसारखे, शेपटी टेकवून ताठ उभे. पुढे लक्षात आलं की शेपटी ताठ आणि आडवी असायची, आणि हा प्राणी बऱ्याचदा चार पायांवरही चालत असावा. म्हणजे दुरुस्तीचीही दुरुस्ती झाली, आणि ज्या चार पायांबद्दल आपण हॉकिन्सला हसतो त्यात थोडं का होईना खरं निघालं.

लेकीचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. "चुकीचं आहे हे कळलंय, तर मग दुरुस्त का करत नाहीत?"

करत नाहीत, आणि मुद्दामच करत नाहीत. 2007 साली या पुतळ्यांना तिथल्या वारसा-यादीत सगळ्यांत वरचा दर्जा मिळाला. लंडनच्या मोठमोठ्या वास्तूंना असतो तोच. 2020 मध्ये मेगॅलोसॉरसचं तोंड तुटून पडलं. 2021 मध्ये नवं बसवलं, तेही जुन्या चुकीच्या बेताबरहुकूम. कारण ते पुतळे आता डायनासोरांचे राहिलेले नाहीत. 1854 सालच्या माणसांना किती ठाऊक होतं, याचे ते पुतळे आहेत. हाताशी काय, तर काही दात, एक जबड्याचा तुकडा, थोडी हाडं. एवढ्या शिध्यावर त्यांनी पंगत मांडली!

आणि त्या माणसांतही सगळ्यांचं ऐकून घेतलं गेलं असं नाही. इग्वानोडॉन जगापुढे आणला तो 1825 मध्ये गिडिअन मँटेल या गावाकडच्या डॉक्टरने. रोगी तपासून उरलेल्या वेळात हाडं गोळा करायची, हा त्याचा नाद. पुढचे पाय मागच्यांपेक्षा बारीक असावेत, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण त्याचं आणि ओवेनचं विळ्या-भोपळ्याचं नातं, आणि पुतळ्यांचं काम रंगात यायच्या आधीच, 1852 मध्ये, मँटेल वारला. पाण्यातल्या लांब मानेच्या प्लेसिओसॉरसची कथा त्याहून चटका लावणारी. त्याचा पहिला संपूर्ण सांगाडा 1823 मध्ये शोधला तो मेरी ॲनिंगने. समुद्रकाठचे जीवाश्म विकून पोट भरणाऱ्या घरातली मुलगी. बाई म्हणून भूगर्भशास्त्राच्या संस्थेचं दार तिला बंदच राहिलं, आणि तिने शोधलेल्या हाडांवर निबंध वाचले पुरुषांनी. लेकीने हे ऐकून तळ्यातल्या प्लेसिओसॉरसचं नाव 'मेरी' ठेवून टाकलं. पुढच्या प्रत्येक फेरीत मेरीला टाटा केल्याशिवाय बस पकडता यायची नाही.

हॉकिन्सबद्दल मला आदर वाटतो तो एका वेगळ्याच कारणाने. 1868 मध्ये तो अमेरिकेत गेला आणि फिलाडेल्फियात जोसेफ लायडी यांच्या मार्गदर्शनाखाली हॅड्रोसॉरसचा सांगाडा जोडला. डायनासोरचा जोडून उभा केलेला जगातला पहिला सांगाडा तो. दोन पायांवर! चौदा वर्षांपूर्वी ज्याच्या हातून चार पायांचे डायनासोर घडले, त्याच्याच हातून. नवी हाडं समोर आली, त्याने नवं रूप दिलं. मी असं म्हटलं होतं, आता कसं बदलू, असं काही नाही.

एक दिवस धाकट्याने विचारलं, "आजीकडे डायनासोर होते का?" त्याच्या हिशेबी भारत म्हणजे 'आजीकडे'. होते, राजा. भरपूर होते. 1828 साली जबलपूरला डायनासोरची हाडं सापडली, 'डायनासोर' हा शब्द जन्मायच्या चौदा वर्षं आधी. सापडली कुणाला, तर ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला माहीत असलेल्या स्लीमनला. 1877 मध्ये त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव मिळालं. आपल्या विदर्भातही, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथली हाडं एकोणिसाव्या शतकातच स्टीफन हिस्लॉप या पाद्र्याने गोळा केली होती. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे. वरोऱ्याला आमची मावशी राहते. लहानपणी सुट्टीत किती वेळा गेलो असू, आनंदवन पाहिलं, पण पिसदुऱ्याचं नाव कुणी काढलं नाही.

या पिसदुऱ्याला हाडांबरोबर दुसरीही एक वस्तू मिळते, डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे. (हे वाक्य मुलांपुढे उच्चारल्यावर पुढची दहा मिनिटं फुकट जातात, याची नोंद घ्यावी.) लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गोळे तपासले. गवताच्या पेशींत सिलिकाचे अगदी बारीक कण तयार होतात आणि ते कोट्यवधी वर्षं टिकतात. ते कण त्यात सापडले. 2005 मध्ये हे संशोधन 'सायन्स' या नियतकालिकात आलं आणि जगभरची एक समजूत बदलली. तोवर मानत असत की गवताचा खरा पसारा डायनासोर संपल्यानंतरचा. पिसदुऱ्याने सांगितलं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच तिथे गवताच्या निदान पाच जाती होत्या, आणि त्यांत भाताच्या आणि बांबूच्या कुळांचे नातलगही होते. म्हणजे वरोऱ्याचे डायनासोर थोडाफार आपल्याच घराण्यातला आहार घेत होते म्हणायचं!

तिसरी गोष्ट म्हणतात ती ही. ससेक्समधला डॉक्टर, समुद्रकाठची मेरी, बेल्जियमचे खाणकामगार, लखनौच्या प्रयोगशाळेतल्या बाई. एकाने अंदाज बांधायचा, दुसऱ्याने तो सुधारायचा. यात माझ्या मुलांना बाजू निवडावी लागत नाही. कोहिनूरचा प्रश्न याने सुटत नाही. तो तसाच राहू दे, मोठेपणी त्यांचा त्यांनी विचारावा, आणि जोरात विचारावा. पण इतिहास म्हटला की फक्त कुणी जिंकलं, कुणी नेलं, एवढंच नसतं, हे त्यांना सिमेंटच्या त्या बेढब प्राण्यांनी शिकवलं. आपण केलेली चूक दीडशे-पावणेदोनशे वर्षं भर बागेत उभी ठेवायची आणि पोरांना दाखवायची, याला मोठं मन लागतं. हे मात्र इथल्या लोकांकडून घेण्यासारखं.

लेकीने मध्यंतरी शाळेसाठी इग्वानोडॉनची तीन चौकटींची चित्रं काढली. पहिलीत शिंग नाकावर, दुसरीत अंगठ्यावर. तिसरी चौकट कोरीच. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "अजून कळायचंय."

असो. ऑक्टोबरच्या सुट्टीत यायचा विचार चालू आहे. मावशी, पिसदुऱ्याला जायचा रस्ता कसा आहे तेवढं विचारून ठेव. नुसतं बघायचंय, दगड उचलून आणायचे नाहीत, असं दोघांकडून आधीच कबूल करून घेतलंय.