कोरा रोल

नातीनं तिचा जुना डिजिटल कॅमेरा मला बहाल केला. तिला आता फोन पुरतो. "आबा, सोप्पं आहे. बटण अर्धं दाबायचं, हिरवा चौकोन दिसला की पूर्ण दाबायचं." सोप्पं! आम्ही आयुष्यभर एक तर दाबलं, नाही तर दबून राहिलो. हे अधलंमधलं आम्हाला कधी जमलंय? तरी ऊन पाठीशी घेतलं, कोपरं बरगड्यांना टेकवली, श्वास रोखला आणि सौभाग्यवतींचा फोटो काढला. मागची तुळस फार सुरेख आली. पानन् पान मोजावं. पुढची व्यक्ती मात्र धुक्यात. हिनं पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "पुन्हा काढा."

हे 'पुन्हा काढा' मला फार उशिरा मिळालं हो.

1888 साली कोडॅकनं शंभर फोटोंचा रोल भरलेला कॅमेरा विकायला काढला. शंभर झाले की अख्खा कॅमेराच रोचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. ते फोटो धुऊन, नवा रोल भरून परत पाठवत. म्हणजे आपण काय घोटाळा केला हे टपालानं कळायचं! पुढं कॅमेरे सुधारले, पण 'कळण्याची' वाट पाहणं सुटलं नाही.

ते सुटलं त्याच रोचेस्टरमध्ये, त्याच कंपनीत, डिसेंबर 1975 मध्ये. त्याआधी, 1969 साली, बेल लॅबमध्ये बॉइल आणि स्मिथ या दोघांनी सीसीडी नावाची चकती शोधली होती. (त्यांना नोबेल मिळालं 2009 मध्ये, तिथंही वाट पाहणं आलंच.) अशाच एका चकतीवर पडलेल्या उजेडाची वीज होते, आणि विजेचे आकडे करता येतात, एवढ्या भांडवलावर स्टीव्ह सॅसन या पंचविशीतल्या इंजिनियरनं एक खोकं जुळवलं. वजन साडेतीन किलोच्या वर, पोटात सोळा बॅटऱ्या, ठिपके शंभर गुणिले शंभर. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला तेवीस सेकंद लागत.

प्रयोगशाळेतल्या एका मुलीचा फोटो काढून त्यानं तो टीव्हीवर लावला. केस दिसले, मागची भिंत दिसली. चेहरा नाही! चेहऱ्याच्या जागी नुसती मुंग्यांची वारूळफूट. 'अजून काम करायला हवं,' अशा अर्थाचं काहीतरी बोलून मुलगी निघून गेली. सॅसननं तारा उलटसुलट करून पाहिल्या आणि चेहरा आला. साहेबांनी विचारलं, आपला फोटो टीव्हीवर बघायची हौस कुणाला असणार? फिल्म विकणाऱ्या घरात आणखी काय विचारणार म्हणा. 1978 मध्ये पेटंट मिळालं, आणि 2012 साली कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

योगायोग असा, की त्याच डिसेंबरात पुण्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. मी पंधरा वर्षांचा. मामाचा कॅमेरा, छत्तीसचा रोल आणि मांडवभर माझा रुबाब. आजी कधी फोटोला बसायची नाही. त्या दिवशी नऊवारी नेसून, नथ घालून स्वतः खुर्चीत येऊन बसली. "डोळे मिटले नाहीत ना रे माझे?" मी म्हणालो, "झकास आलाय, आजी."

आठ दिवसांनी स्टुडिओवाल्यानं रोल हातात ठेवला. पांढरा स्वच्छ. फिल्मचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. मी खटका ओढत होतो, आकडा पुढं जात होता, आणि फिल्म डबीतच स्वस्थ बसून होती. खटका ओढताना डावीकडची गुंडी फिरते की नाही एवढं पाहायचं असतं, हे मामानं नंतर सांगितलं.

बहिणीची जोडी पुन्हा उभी करून स्टुडिओत एक फोटो काढला. आजी काही पुन्हा बसली नाही. "एकदा काढलास ना?" म्हणाली. आषाढात ती गेली.

तुळशीपुढं हिला मी परवा सतरा वेळा उभं केलं. चौदावा बरा आलाय. पण बटण दाबलं, की माझा डावा अंगठा अजून ती गुंडी फिरतेय का ते चाचपतो.