पोटावर उतरलेली विमाने

विमान हवेत असते तोवर त्याच्या चाकांचा त्याला काडीचाही उपयोग नसतो. ती पोटात मुडपून घ्यायची, त्यांचे ओझे प्रवासभर वागवायचे आणि अखेरच्या दोन मिनिटांत ती बाहेर येतील असा भरवसा बाळगायचा. बहुधा ती येतात. पण कुठे तेल गळाले, एखादी कळ अडली, की ती पोटातच बसून राहतात. मग वैमानिकापुढे प्रश्न उभा राहतो, की विमान टाकून छत्रीने उडी घ्यायची, की ते तसेच पोटावर टेकवायचे?

पंख्याचे विमान पोटावर उतरले की पंखा जमिनीवर आपटून वाकडा होणार, हे ठरलेलेच. जेट आले आणि पंखा गेला. विमानाची खालची बाजू माशाच्या पोटासारखी गुळगुळीत झाली. मात्र वेग वाढला, आणि घर्षणाची एक ठिणगी उरल्यासुरल्या इंधनाला पुरते. म्हणून घिरट्या घालून होईल तितके इंधन जाळून टाकायचे, विमान शक्य तितके सपाट आणायचे आणि टेकता टेकता इंजिन बंद करायचे, ही रीत पडली. आपल्या हवाई दलाचे पहिले जेट व्हॅम्पायर. ते १९४८ च्या नोव्हेंबरात आले. वैमानिक ज्या कोशात बसे तो प्लायवूडचा आणि बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा! आरंभीच्या व्हॅम्पायरांत वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्चीही नव्हती. अशा विमानात वरचा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नसे.

खुर्ची आल्यावरही तो साराच सुटला असे नाही. १९७० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मोंटाना राज्यावर गॅरी फाउस्ट या वैमानिकाचे एफ-१०६ विमान गरगरत खाली येऊ लागले. त्याने नाइलाजाने खुर्चीची कळ ओढली. तो बाहेर पडताच विमान आपोआप सावरले आणि बर्फाने झाकलेल्या एका शेतात पोटावर अलगद उतरले. इंजिन चालूच होते, आणि इंधन संपेपर्यंत ते विमान बर्फावरून पुढे सरपटत होते. पुढे ते दुरुस्त होऊन पुन्हा उडाले. वैमानिक छत्रीला लोंबकळत हा सोहळा पाहत होता!

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्रजांच्या डोक्यात आले, की जेटला पोटावर उतरणे जर सोसते, तर चाके हवीतच कशाला? ती काढली तर वजन वाचेल, आणि विमान अधिक दूर व अधिक वेगाने जाईल. नौदलाला याची निकड फार, कारण विमानवाहू नौकेवर जागेची आणि वजनाची नेहमीच ओढाताण. मग फार्नबरोच्या संशोधन संस्थेत हवा भरलेल्या रबरी नळ्यांवर रबराची चादर पसरून एक प्रचंड गादी तयार झाली. गादीवर एकच आडवी तार. विमानाच्या शेपटाकडच्या आकड्याने ती पकडायची आणि चाके मिटलेल्या स्थितीतच गादीवर बसायचे.

हे करून पाहण्याचे काम एरिक ब्राऊन या वैमानिकाकडे आले. विमानवाहू नौकेवर पहिले जेट उतरवणारा हाच. ते १९४५ च्या डिसेंबरात, ‘ओशन’ या नौकेवर. २९ डिसेंबर १९४७ रोजी तो व्हॅम्पायर घेऊन गादीवर उतरू लागला. विमान हिशेबापेक्षा झपाट्याने खाली आले, मागचा भाग कडेला आपटला आणि नाक गादीत घुसले. विमान मोडले, ब्राऊन धड राहिला. एखाद्याने गादीला कोपरापासून नमस्कार केला असता. हा गृहस्थ पुढच्या मार्चमध्ये पुन्हा आला, आणि या वेळी नीट उतरला. १९४८ च्या नोव्हेंबरात ‘वॉरियर’ या नौकेवर गादी अंथरली गेली आणि भर समुद्रात व्हॅम्पायर पोटावर उतरू लागली. योगायोग असा, की त्याच महिन्यात आपली व्हॅम्पायर हिंदुस्थानात येत होती.

उतरणे साधले. घोडे अडले ते उतरल्यावर, आणि हे आम्हा रत्नागिरीकरांना समजावून सांगायला नको. मिऱ्याला किंवा भाट्याला होडी वाळूवर लावताना पाहा. लाटेबरोबर ती सुळकन येऊन पोटावर बसते, कौतुक तेवढेच. पावसाळ्यासाठी शाकारून ठेवायला तिला वर न्यायची तर खाली ओंडके हवेत, दोर हवेत, दहा-बारा खांदे हवेत आणि ‘होऽ’ म्हणून ओरडणारा एक म्हातारा हवा. व्हॅम्पायरचे तेच झाले. क्रेनने उचला, चाके बाहेर काढा, मग ढकलत न्या. तोवर मागचा वैमानिक इंधन मोजत आकाशात घिरट्या घालणार. शिवाय बिनचाकी विमान अडचणीच्या वेळी उतरणार कुठे? साध्या धावपट्टीवर त्याला थारा नाही. अमेरिकनांनी १९५५ मध्ये पॅटक्सेंट रिव्हर येथे कूगर विमानांवर हाच खटाटोप केला आणि तेही त्याच निष्कर्षाला आले. गादी गुंडाळली गेली.

या अपयशाच्या पोटी एक वेगळेच अपत्य जन्मले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये याच गादीच्या योजनेवर एक बैठक होती. उतरलेले विमान वाटेतून बाजूला कसे करायचे, हा पेच. तेव्हा कॅप्टन डेनिस कॅम्बेल यांनी सुचवले, की उतरण्याची पट्टीच नौकेच्या मध्यरेषेपासून थोडी तिरपी फिरवावी. एका बाजूला उभी विमाने सुरक्षित राहतील आणि ज्याची तार चुकली तो समोरच्या विमानांवर न आदळता पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी घेईल. लुईस बॉडिंग्टन यांनी ही कल्पना पुढे नेली. गादीला वगळून जगाने हा तिरपा डेक उचलला. तोपर्यंत तार चुकणे म्हणजे पुढच्या जाळीत किंवा मित्राच्या विमानात घुसणे असे. या एका तिरप्या रेषेने किती वैमानिक वाचवले त्याची मोजदाद कोण करणार?

हिंदुस्थानने १९५७ मध्ये अर्धवट राहिलेली ‘हर्क्युलीस’ नौका घेतली आणि बेलफास्टच्या गोदीत ती पुरी करवून घेतली. ‘वॉरियर’ही त्याच गोदीत बांधलेली. दोघींचा घाट बहिणी-बहिणींसारखा, आणि आपल्या ‘विक्रांत’चा डेक तिरपा. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. १८ मे रोजी ताहिलियानी यांनी तिच्यावर सी हॉक हे जेट उतरवले. तिच्या डेकवर उतरणारे ते पहिले भारतीय वैमानिक. नोव्हेंबरात ती मुंबईला आली. सी हॉकचा तळ पुढे गोव्यात दाबोळीला झाला. आमच्या लहानपणी रत्नदुर्गावरून क्षितिजावर एखादे मोठे गलबत दिसले, की कोणीतरी हटकून म्हणे, “ती बघ विक्रांत!” दहापैकी नऊ वेळा ते मालवाहू जहाज असणार. पण तेवढ्यावर आमची संध्याकाळ साजरी होई.

१९७१ च्या डिसेंबरात याच तिरप्या डेकवरून उडालेल्या सी हॉकांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले, आणि परत येऊन ती त्याच पट्टीवर, चाकांवर, उतरली. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २०१४ मध्ये मुंबईत मोडीत निघाली. २०२२ मध्ये आलेल्या नव्या विक्रांतचाही डेक तिरपाच आहे.

एरिक ब्राऊन २०१६ मध्ये, सत्त्याण्णव वर्षांचा होऊन, वारला. विमानवाहू नौकांवर तो २,४०७ वेळा उतरला. त्यांतल्या काही वेळा त्याने चाके मिटूनच ठेवली होती.